फक्कीतलं घर

हिलाल बोरसेंनी पहिल्याच दिवशी
माझ्या टेबलावर उताऱ्याआधी एक चेन ठेवली,
जुनी, ताणलेली, रॉकेलनं पुसलेली.
म्हणाले, ताई, या मापात घर बसव.

प्लॉट देवपुरात. वीस बाय पंचेचाळीस.
तोंड पश्चिमेला, म्हणजे मे महिन्यात तीननंतर
गच्चीवर बिबडे वाळत नाहीत, भाजतात.
बेडरूम किती, मी विचारलं.
ते म्हणाले, हँडल सव्वीस इंच,
वळायला सहा फूट,
आणि टायरला ऊन नको.
रबर माणसाच्या आधी म्हातारं होतं.

एसटीच्या वर्कशॉपात एकतीस वर्षं
बसगाड्यांखाली उताणा झोपलेला हा माणूस
आता पहाटे सोनगीर, नरडाणा, तापीचा पूल,
कधी पार पळासनेर गाठून
रात्रीच्या जेवणाला घरी असतो.
लळिंगच्या घाटात ट्रकवाले त्याला
हॉर्न देत नाहीत, दिवा देतात.

यादी संपता संपेना.
दारातच नळ, चाकं धुवायला. खाली शहाबादी.
देवाचा असतो तसा कोनाडा,
त्यात सोल्युशन, पॅच,
आणि बाभळीचा काटा उपसायचा चिमटा.
छताला हूक चार. सायकली तीन.
चौथा कशाला?
"ही चिडली की मला टांगायला."
उंबरा नको. पायरी तर नकोच.
"पायरी म्हनजे उतरनं,
अन् मी उतरासाठे घर नई बांधी ऱ्हायनू."

केवळबाई खुर्चीच्या टोकावर बसून ऐकत होत्या.
तिसऱ्या भेटीला बोलल्या:
माझा उंबरा ठेवा.
नवी सून माप कुठे लवंडेल?
दिवाळीची रांगोळी कशाच्या काठाला काढू?
आणि रागावून बसायचं झालं, तर बसू कुठे?

मी पेन्सिल खाली ठेवली.
कोडबुकात याला कलम नाही.

रात्री दहापर्यंत नुसतं खोडरबर.
शेवटी उंबरा काढला. सागाचा,
फरशीच्या पातळीत बसवलेला,
सूतभरही वर न येणारा.
तो असेल. चाकाला कळणार नाही.
केवळबाईंनी कागदावर बोट फिरवलं,
"दिखस. चाली जाई."
रागाचं मात्र तसंच राहिलं होतं, म्हणून
स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर, रस्त्याकडे तोंड करून,
मी दीड फुटांचा ओटा जोडला.
कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

शुक्रवारी आखणी.
नथ्थू मिस्त्रींनी खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली,
मुठीतून फक्की सोडत गेले,
आणि काळ्या मातीवर घर उमटलं, पांढरं, बिनउंचीचं.
नीट बघून घ्या, मी म्हटलं, उद्या खोदायचंय.

हिलालभाऊ सायकलवर बसले.
दारातून आत. हॉलमधून डावीकडे.
पॅसेजला पुढचं चाक बरोबर वळलं,
मागचं बेडरूमच्या भिंतीतून गेलं.
"भिंत!" मी ओरडले,
खरोखरच विटा पडल्यासारखी.
केवळबाई फक्कीच्या स्वयंपाकघरात उभ्या होत्या,
हवेत तळहात धरून
ओट्याची उंची ठरवत. मान न वळवता म्हणाल्या,
"कपाळ फुटनं."

नऊ इंच. भिंत नऊ इंच सरकवली.
बेडरूम आखडली, हरकत कुणाचीच नव्हती.
पुन्हा आत, पुन्हा ते वळण,
आणि पाय एकदाही न टेकवता
मागच्या दारातून बाहेर.
तिथे थांबतील असं वाटलं होतं.
ते नकाण्याच्या रस्त्याला लागले.

आम्ही तिघं मोडलेल्या रेषा भरत राहिलो.
डांबरावर टायरची पांढरी रेघ
वळणापर्यंत दिसत होती, मग पुसट.
केवळबाईंनी ती बघितली,
आणि जागच्या न हलता मला विचारलं,
मागच्या दाराला कडी
आतूनच आहे ना?