उरलेल्या गोळ्या

मोहापीच्या टेबलावर मी जुनं वर्तमानपत्र पसरते
आणि बाटली उपडी करते.
तीस दिल्या होत्या, आज सव्विसावा दिवस, चार उरायला हव्यात.
चाकूच्या पात्याने एकेक सरकवते.
तो खिडकीतून डोंगराकडे बघत राहतो,
गुरुजी पाटी तपासताना पोरं बघतात तसा.

पूर्वी या खोऱ्यात म्हणायचे,
दिवस मोजतोय बिचारा.
आता आम्ही गोळ्या मोजतो.
दिवस आपले आपण जातात.

वीस वर्षांपूर्वी त्याला खाणीतून आणला
तो घोंगडीत गुंडाळून, घोड्यावर आडवा टाकून.
छातीत सोन्याच्या खाणीची धूळ, धुळीत क्षय,
आणि क्षयाच्या आडोशाला ते दुसरं,
ज्याला त्याची बायको अजून नुसतं ‘ते’ म्हणते.
जगला.
सुरुवातीच्या त्या जुन्या गोळ्यांनी जीव ठेवला, पाय नेले.
म्हणजे पाय आहेत.
मुंग्या आल्या त्या गेल्याच नाहीत,
तळव्यांत वारूळ करून राहिल्या.
रिकिबीत पाऊल आहे की नाही
हे त्याला खाली वाकून बघावं लागतं.
एकदा चुलीपाशी त्याचा बूट जळत होता,
वास आधी बायकोला आला.

दवाखान्यात नर्स पालेसा म्हणाली,
न्ताते, रक्तात विषाणू सापडत नाही.
मेला?
नाही. दडून बसलाय.
आणि हे मूत्रपिंडाचं? साखरेचं?
तिने कागद उलटून पाहिला.
थोडं औषधांचं, थोडं वयाचं.
वयाचं! तो एवढ्या मोठ्याने हसला
की बाकावरच्या बायका वळून बघायला लागल्या.
म्हातारपणाचं दुखणं, मला!
घरी जाईपर्यंत घोड्यालाही तेच सांगत होता.

आमच्यात पहिलं मूल झालं की बाईचं नाव बदलतं.
मी मातुमेलो, तुमेलोची आई.
लहान मुलांचं पातळ औषध या डोंगरावर चढलं
तेव्हा वसंत आला होता,
तो हिवाळ्यातच गेला होता.
नाव राहिलं.
हाक मारली की अजून मी ओ देते.

या जुलैत बर्फाने घाट बंद झाला.
नऊ दिवस मी कुणाचाच उंबरा ओलांडला नाही.
दहाव्या दिवशी दाराशी घोडा,
घोड्यावर मोहापी, मिशीत बर्फ.
बसला, श्वास सापडेपर्यंत खोकला,
मग म्हणाला, तुझी बाटली आण.

त्याच्या बोटांनाही आता फारसं कळत नाही.
एकेक गोळी उजेडाकडे धरून
त्याने मोजली. पुन्हा मोजली.
सात जास्त आहेत, मे.

बर्फ होता, असं म्हणता आलं असतं.
पण बाटली घरातच होती, माझ्या उशाशी.
या महिन्यात तो बावीस वर्षांचा झाला असता.
हे मी बोलले नाही.
त्याने माझीच वही ओढली.
लिहिता येत नाही त्याला, खाणीत पाळ्यांच्या रेघा मारायचा,
तशा सात मारल्या, पेन्सिल दाबून,
पानामागे उमटतील अशा.
मग म्हणाला, आठ वाजेपर्यंत बसतो.
तेव्हा चार वाजले होते.

मी मक्याचा पापा शिजवला, पालेभाजी केली.
जेवून त्याने बूट काढले,
जरा बघ गं, मला कळत नाही.
उजव्या बुटाचा एक खिळा
टाचेत पाऊण बोट शिरलेला, मोजा चिकटलेला.
सकाळपासून असणार.
मी मिठाच्या पाण्याने धुतलं.
माझेच हात थरथरत होते. तो बर्फाच्या, लोकरीच्या भावाच्या गप्पा मारत होता.

आठला त्याच्या खिशातला फोन वाजला,
मागोमाग माझा, दोन मिनिटांनी.
तुझं घड्याळ मागे आहे, तो म्हणाला,
आधी ते नीट लाव.
बाहेर घोडा खुराने बर्फ उकरत होता.