अंगठा राहिला

पंचवीस प्रश्न होते, पर्याय चार-चार.
मिरजेत, कॉलेजच्या जुन्या हॉलमध्ये
पंख्यानं कागद उडू नये म्हणून
आम्ही त्यावर स्टेथोस्कोप ठेवले होते.
रुग्णाला शिवण्याआधी? होय.
शिवल्यानंतर? होय.
नुसत्या खाटेच्या कठड्याला शिवल्यावर?
इथे शेजारचा इरफान जरा घुटमळला.
मी नाही. होय.
किती सेकंद, किती थेंब,
ग्लोव्ह्ज घातले तरी का,
सगळं येत होतं.
ऐवळे प्रणोती, तेवीस.

मग चमकणारी पावडर आली.
सुवार्ता सिस्टरनी चिमूट चिमूट तळहातावर टाकली,
म्हणाल्या, चोळा. आता धुऊन या,
रोज धुता तसेच, शहाणपणा नको.
खिडक्यांना काळे कागद लावले होते.
जांभळ्या दिव्याखाली एकेकानं हात धरला
आणि माझ्या अंगठ्याच्या मुळाशी,
नखांच्या कडेला, बोटांच्या बेचक्यात
उजेड राहिलेला. पिवळा, हिरवट.
"तेवीस मार्कांचा अंगठा," सिस्टर म्हणाल्या.
सगळे हसले, मीही हसले,
पण ते हात मला ओळखीचे वाटले.

माझी आई सांगलीच्या मार्केट यार्डात हळद निवडते.
गड्डा वेगळा, कांडी वेगळी, कणी वेगळी.
संध्याकाळी राखेनं घासते, कपड्याच्या वडीनं घासते,
तळव्यावरून रंग जातो
आणि राहतो नेमका तिथेच.
दिवसभरात ती कुठे कुठे हात लावते
ते आमच्या घरात वाचता येतं:
कपाचा कान, दाराची कडी, लाईटचं बटण,
माझ्या बारावीच्या वहीचा कोपरा
(मी झोपल्यावर उघडून बघायची, नुसतीच).
अॅडमिशनच्या दिवशी खिडकीतला क्लार्क म्हणाला,
"इथं अंगठा राहिला, मावशी."
तिनं शाईत बुडवून टेकवला.
निळ्याच्या कडेनं बारीक पिवळी रेघ उमटली.
फाईलमध्ये असेल अजून.

गुरुवारी राउंड. वॉर्ड सहा.
सर पुढे, आम्ही अकरा जण मागे,
सातवरून आठवर, आठवरून नऊवर.
कोपऱ्यातलं बेसिन, नळ आवळून बसलेला,
खाटेशी टांगलेली बाटली दाबली
तर नुसता उसासा.
सर थांबले नाहीत.
सर थांबले नाहीत तर कोण थांबणार?
सातवर तासगावचे आजोबा,
पायाची जखम, पट्टीखालून वास.
मी पट्टीची कड उचलून धरली, सरांना दिसावं म्हणून.
आठवर कवलापूरचा पोरगा, पोटाला ताजे टाके.
"तू बघ," सर मला म्हणाले.
मी पोटावर हात ठेवला. दुखतंय का रे?
आणि क्षणभर माझा हात मला हळदीचा दिसला,
त्याच्या टाक्यांशेजारी चार बोटं उमटलेली,
चादरीवर, कठड्यावर, केसपेपरच्या कडेला,
सरांनी माझ्याकडून घेतलेल्या पेनावर,
पेनावरून सरांच्या खिशाला.
मग परत काहीच नव्हतं.
पांढरा एप्रन, पांढरी चादर.
पोरगा म्हणाला, दुखत न्हाई.
तेवीस उत्तरं घेऊन
मी नवव्या खाटेपाशी गेले.

रात्री शेवटच्या बसनं घरी.
आई मोरीत हात घासत बसलेली.
"काय शिकिवलं आज?"
"हात धुवायला."
ती एवढी हसली की तोल जाऊन भिंत धरली तिनं,
भिंतीवरही उमटली.
"एवढी फी घिऊन?"
मी तांब्यानं पाणी घालत राहिले,
ती चोळत राहिली, आधी मनगट, मग बोटं.
मी म्हटलं, अंगठा राहिला.
"त्यो न्हाई जायाचा आता. आण, तुझं दाव."
माझे दोन्ही हात तिनं बल्बकडे उलटेपालटे केले.
"तुझं तर लख्ख हायत की."
तांब्या रिकामा होईपर्यंत
मी काही बोलले नाही.