पियानोखालचं पाणी

एल पासोत एप्रिलचा वारा सुटला
की आमच्या पियानोच्या तोंडचं पाणी पळतं.
आतली फळी आक्रसते, तारा सैलावतात,
आणि मधल्या सप्तकातला एखादा सूर
तापातल्या माणसासारखा कण्हत उठतो.

म्हणून रेफुहिओ त्याच्याखाली परात ठेवतो.
जस्ताची, काठाला पोचा आलेली,
त्याच्या आईने हिच्यात आयुष्यभर
दुसऱ्यांचे कपडे भिजवले.
भरायचं काम माझं.
तिकीटखिडकी लावली, गल्ला मोजला,
की प्लास्टिकच्या जगाने पाणी ओतते
आणि त्याआधी बोट बुडवून बघते:
कालच्यापेक्षा दोन बोटं कमी.

तो राहतो पलीकडे, हुआरेसला.
मधल्या नदीला नकाशावर पाणी आहे.
पुलाखाली सिमेंट, पुलावर जाळी,
आणि पहाटे पाचपासून रांग:
घागरे हँगरवर उंच धरलेल्या नाचाच्या मुली,
वाऱ्यापासून ओठ झाकून उभा ट्रम्पेटवाला,
आणि पिशवी पोटाशी घेतलेला रेफुहिओ.

चौकीवर दर वेळी पिशवी उघडतात.
चाव्या, नमद्याच्या पट्ट्या, रबराच्या पाचरा,
आणि तो दोन पायांचा पोलादी काटा.
"हे काय?"
रेफुहिओ काटा गुडघ्यावर आपटतो
आणि अंमलदाराच्या कानाशी धरतो.
पांढरी सहा.
एकदा एका पोरगेल्या शिपायाने डोळे मिटले होते म्हणे.
बाकीचे म्हणतात, पुढे चला.

त्या शनिवारी मोठा वादक आला होता,
कुठल्याशा थंड देशातून.
करारात केळी होती, काळा टॉवेल होता,
हवेबद्दल एक ओळ नव्हती.
परात बघून म्हणाला, "छत गळतंय का?"
म्हटलं, "नाही, हा पितो."
हसला. परात हलवायला लावली.

दुपारी तीनला आभाळ विटकरी झालं.
समोरचा डोंगर कुणी हाताने पुसावा तसा गेला.
पूल थांबला.
रेफुहिओचा फोन: मध्यावर आहे गं,
ना तुझ्याकडे, ना माझ्याकडे,
दातांत वाळू.

तरी आठला हॉल भरला.
लोक केसांतली धूळ झटकत जिने चढले,
सोनेरी बाल्कनीत, मखमली लालीत,
खोकले आटोपून बसले.
मध्यंतराच्या आतच सूर उतरला.
कुणाला कळलं, कुणाला नाही.
तिसऱ्या रांगेत दोन्या हेनोवेव्हा,
चाळीस वर्षं शाळेत गाणं शिकवलेली,
चिंच चावल्यासारखं तोंड करून बसली होती.
वादकाचे कान लाल.
पडदा पडल्यावर तो स्वतः खिडकीशी आला,
"ती परात," एवढंच म्हणाला.
मी जग भरला.
पण लाकूड काही पंधरा मिनिटांत
कुणाचं ऐकत नाही.

रेफुहिओ पोचला अकराला.
टोपी झटकली तर पायरीवर ढीग.
सकाळी पोरींचा नाच, साथीला हाच पियानो,
म्हणून तसाच बसला, पाणीसुद्धा न पिता.
एक सूर. पुन्हा तोच. पुन्हा तोच, केसभर वर.
क्रिसोफोरो झाडू टेकून उभा राहिला.
स्टेजवर फटींतून आलेल्या वाळूचा थर
आणि त्यात मोठ्या वादकाच्या बुटांचे ठसे,
पियानोपासून दारापर्यंत, फक्त जातानाचे.
मी नाणी मोजायची सोडून
शेवटच्या रांगेत खुर्चीच्या हातावर टेकले.
बावीस वर्षं तिकिटं विकते इथे,
ह्याचं कधी छापलं नाही.

बराच वेळ तो एकाच तारेशी हुज्जत घालत होता.
मग मागे न वळता विचारलं,
"ओदिल्या, परात किती भरलीस?"
"काठोकाठ."
"दोन बोटं काढ.
सकाळी पोरींच्या टाचा पडतील."