तहाचं कलम

साठाव्या पातळीला पोचलेले सगळे
चौकात नुसते उभे असतात.
सोन्याची चिलखतं, पाठीला पेटते निळे पंख,
आणि करायला काही नाही.
कुणी जागच्या जागी उड्या मारतो.
कुणी घोडा बाहेर काढतो, आत ठेवतो, पुन्हा काढतो.

रुवीत शुक्रवारी संध्याकाळी
ऑफिसच्या खिडकीतून हेच दिसतं मला :
इस्त्रीचे शर्ट, नवे बूट,
सोनाराच्या काचेपुढे शे-दोनशे माणसं,
घरी पैसे पाठवून झाल्यानंतरची.

सालेम विचारतो, शेवटानंतर काय?
मालकाने तीन महिने दिलेत.
सगळे करतात तेच, मी म्हणते.
राक्षस संपले की माणसं एकमेकांवर सोडायची.
मधे किल्ला ठेवायचा. घ्या, राखा, गमवा.
पहिला आठवडा मजेत जातो.
दुसऱ्या महिन्यात एकच टोळी सगळे किल्ले धरून बसते,
बाकीचे निघून गेलेले,
मग टोळीही जांभया देत जाते
रिकाम्या राज्याचे दिवे न मालवता.

तीन रात्री करक चहावर आकडे काढले.
हरलेला हरल्यामुळे सोडत नाही खेळ.
तो मेल्यावर अंगावर कुणीतरी नाचतं, म्हणून सोडतो.
जिंकलेला सोडतो
कारण समोर कुणी उरत नाही.

युद्धात जिंकलं, तहात हरलं,
असं बाबा जेवताना मधेच म्हणायचे,
इतिहासाबद्दल नव्हे.
सोहारच्या बंदरावर एकोणीस वर्षं,
आणि शेवटचा हिशेब एका कागदावर, अरबीत.
सही करा म्हणाले.
केली.

तर मी फळ्यावर लिहिलं : तह.
किल्ला पडला तरी दरवाजा लगेच उघडणार नाही.
दोघांनी सतरंजीवर बसायचं, समोरासमोर,
अर्धा तास. कलमं तीनच.
दोन जिंकणाऱ्याची, एक हरणाऱ्याचं.
लिहाल ते सर्व्हर पाळायला लावेल, दोघांनाही.
सही झाली नाही तर किल्ला कुणाचाच नाही,
वाळू चढत जाईल त्याच्यावर.

लढाईच्या खेळात कारकुनी? सालेम हसला.
म्हटलं, हो.
आमचं घराणंच कारकुनांचं.

चाचणी ऑगस्टात, रात्री दीड वाजता.
गळक्या एसीखाली बादली.
हाफिधने जेरिकचा किल्ला चौदा मिनिटांत घेतला,
मागे एक पहारेकरी जिवंत न ठेवता.
हाफिध इब्रीचा, खजूर सगळ्यांना वाटून मग खाणारा.
पडद्यावर तो ओळखू येत नाही.

सतरंजी आपोआप अंथरली गेली.
हाफिधची कलमं झटक्यात आली :
निम्मा कर. गलबतं सगळी.
जेरिक काहीच टंकत नव्हता.
मला वाटलं, अडकलं कुठेतरी, माझीच चूक,
सकाळी सालेमला काय सांगू याची जुळवाजुळवही सुरू केली.
मग एक ओळ उमटली :

किल्ल्यातल्या विहिरीचं पाणी येईल त्याला द्यायचं.
नाव विचारायचं नाही.

आम्ही विहिरीला पाणी दिलंच नव्हतं.
शोभेची होती ती,
वरून एक निळा गोल, खाली काही नाही.
सर्व्हरने कलम दोनदा वाचलं,
पाळायला काही सापडेना,
सही अडली.

खुर्ची फिरवून हाफिध माझ्याकडे बघत राहिला.
जेरिकही, नखं खात.
तटावर वाळूचा पहिला थर येऊन बसला.

थांबा म्हटलं,
आणि विहीर लिहायला घेतली.