पुन्हा होणार नाही

रोला चौकामागच्या गल्लीत आमचं टायपिंग सेंटर.
एका अर्जाचे पंधरा दिरहम, चहा आपापला.
चौदा वर्षं मी माणसांचे गुन्हे टाइप करतोय.
मोठे नव्हेत. मोठ्यांना वकील असतो.
माझ्याकडे येतात ते थुंकलेले,
नको तिथे रस्ता ओलांडलेले,
बाल्कनीत लुंगी वाळत घातलेले,
गाडीवर इतकी धूळ साचू दिलेले
की येणाराजाणारा बोटाने तिच्यावर हिशेब मांडतो.
एकाने खिडकीतून संत्र्याची साल टाकली होती,
म्हणाला, लिहा, वाऱ्याने नेली.
लिहिलं.
वाऱ्याचं काही झालं नाही, अर्ज फेटाळला गेला.

महोदय, मी गरीब आहे.
मला माहीत नव्हतं.
पुन्हा होणार नाही.
ही तीन वाक्यं मशीनमध्ये साठवूनच ठेवलीत,
नाव तेवढं बदलतो.

भाद्रपद संपत आला होता, पण काचेला हात लावला
तरी बाहेरची दुपार चटका देत होती,
तेव्हा दत्ताराम भुवड आला. गुहागरकडचा,
अॅल्युमिनियमच्या खिडक्या बसवतो.
मुठीत पावती, घामाने मऊ झालेली.
"मुस्तफाभाय, पाचशे लावले. कचरा टाकला म्हणून."
काय टाकलंस?
बराच वेळ पावतीची घडी घालत राहिला.
"आयेचं पान."

फॉइलच्या ताटलीत भात, दोन वडे,
काळ्या वाटाण्याचं सांबारं.
नऊ जणांच्या खोलीत पहाटे तीनला उठून केलेलं,
तेव्हाच शेगडी रिकामी असते.
गच्चीला कुलूप. म्हणून कचरापेटीशेजारच्या कठड्यावर.
पेटीत टाकलं असतंस तर दंड नव्हता, मी म्हटलं.
"आयेला पेटीत टाकू?"

अर्जात शब्द बसेना.
'उष्टं' लिहावं तर कुणी खाल्लं नव्हतं.
'नैवेद्य' लिहावा तर साहेब विचारणार, कुठल्या देवाचा.
'पक्ष्यांसाठी खाद्य' लिहिलं आणि घाईने पुसलं,
त्याचा दंड वेगळा आहे,
यादीत पुढच्याच ओळीत.

मग राहवेना, विचारलं :
शिवला का?
मी सरखोत, महाडचा. आमच्यात पान ठेवत नाहीत.
पण शेजारच्या परसात
उन्हात ताटकळलेली माणसं मी लहानपणी पाहिलीत,
आभाळाकडे बघत मोठमोठ्याने कबूल करणारी :
धाकट्याचं शिक्षण करीन, बांधाचं भांडण मिटवीन,
आता तरी ये.
"बघू कुठे दिला," तो म्हणाला.
"साहेबान फोटो काढलान, मला बाजूला घेऊन आयडी मागितलान.
वळून बघतो तर झाडूवाल्यान ताटली उचललेली."

दंडाचा नंबर टाकला की पुरावा उघडतो.
आमचं इंटरनेट हळू, फोटो वरून खाली उतरतो.
आधी आभाळ.
मग समोरच्या इमारतीचे एसी.
मग कठडा.
मग राखाडी मान,
एक पाय भातात,
चोच खाली.
तारीख, बारा सत्तेचाळीस, नगरपालिकेचा शिक्का.

मी स्क्रीन त्याच्याकडे वळवली.
तो इतका जवळ आला की काच धुरकटली.
"वडा न्हाय," म्हणाला,
"आधी वाटाणा उचललान. तीच."

अर्ज पाठवू?
"नको. त्यात लिवायला लागतं ना,
पुन्हा होणार नाही."
पाच नोटा मोजल्या. दोन नव्या होत्या,
उसन्या असाव्यात.
"फोटो मात्र काढून द्या. रंगीत."
शिक्का कापू का खालचा?
"ऱ्हाव दे."

प्लास्टिकच्या पिशवीत घालून कागद त्याने शर्टाच्या आत ठेवला.
दारापर्यंत गेला, परत आला.
"मुस्तफाभाय, हितं जवळ भात कुठं मिळंल?
काल दुपारपास्न जेवलो नाय."