पाच माणसांचं युद्ध

मोठं टेबल जानेवारीत गेलं.
बारा फूट लांब, सहा फूट रुंद, जिन्यातून उतरेना,
म्हणून इदवालने करवतीने त्याचे तीन तुकडे केले
आणि कोणी चकार शब्द काढला नाही.
त्यावर अख्खं वॉटर्लू अठ्ठावीस वेळा झालं होतं.
अकरा वेळा तर फ्रेंच जिंकले होते.

आता आहे ते तीन फूट बाय तीन फूट,
माझ्या स्वयंपाकघरातून आणलेलं,
डुगडुगतं म्हणून एका पायाखाली बसचं तिकीट दुमडून घातलेलं.
आणि ॲबरडेरच्या खाणकामगार सभागृहात,
वरच्या खोलीत, नाणं टाकलं तरच तापणाऱ्या हीटरभोवती
आम्ही उरलेलो चौघं.

तेव्हा आता छोटी चकमक.
एका बाजूला पाच माणसं, बास.
पण कुठली?

ग्वेनोरने चार नियमपुस्तकं मांडलीत, साड्यांच्या दुकानात
थान उलगडतात तशी नव्हे, परीक्षेचे पेपर वाटतात तशी, उलटी.
पहिल्यात बर्फात अडकलेले दरोडेखोर.
थंडीचीही पाळी येते, थंडीही फासे टाकते.
"थंडी इथे काय कमी आहे," इदवाल म्हणतो, मफलर न काढता.
दुसऱ्यात दलदलीतले बेडूक, चिलखत घातलेले.
हूवेल त्यांच्यावर खूष. दिवसा प्लंबर असलेला हा माणूस
तीन केसांच्या कुंचल्याने बेडकाच्या डोळ्यात
पांढरा ठिपका देताना श्वास रोखतो,
जणू सोडला तर पाइप फुटेल.
तिसऱ्यात मोजपट्टीच नाही, सगळं अंदाजाने,
यावरून भांडण होणार हे मी आत्ताच सांगते.
चौथ्याची अक्षरं इतकी बारीक
की इदवालने आधी भिंग मागितलं, मग दिवा मागितला,
मग म्हणाला, राहू दे.

शेवटची बस नऊ पन्नासला.
म्हणजे दीड तासात आटोपणारं युद्ध हवं.
आधी बर्फ करून बघू, असं ठरलं, कारण
बेडूक अजून वाळले नव्हते.

दातांच्या दवाखान्यातून निवृत्त होताना
मी एक बारीक हुक पर्समध्ये टाकून आणला होता.
त्याने दरोडेखोरांच्या कडेची साच्याची रेघ खरवडली,
चाळीस वर्षं लोकांच्या तोंडात खरवडलं तसंच,
फक्त हे ओरडत नाहीत.

नियम म्हणतो, प्रत्येकाला नाव द्या.
इदवाल पूर्वी बस चालवायचा. त्याने थांबे दिले:
ट्रेकाइनॉन, पेनीवाइन, कुमडेर, अबरकुम्बॉय,
आणि लाल टोपीवाला तो हिरवाइन.

याच माणसाने फ्रेंच पलटणी
शेंगा सोलल्यासारख्या मूठमूठ उचलून पेटीत टाकल्यात,
हातात चहाचा कप, डोळे घड्याळावर.
आज हिरवाइन पडला, कापसाच्या बर्फात, पुलाच्या अलीकडे,
हूवेलच्या धनुर्धराने, तेही चुकून,
दुसऱ्यालाच मारायचं होतं.

आता नियम असा: लढाई संपली की एक फासा.
एक-दोन आला तर मेला.
तीन-चार आला तर पुढे कायम लंगडणार.
पाच-सहा आला तर उठून कपडे झटकणार.

इदवालने फासा मुठीत घेतला.
मूठ हलवली.
पुन्हा हलवली.
हीटर टक् करून बंद पडला, नाणं संपलं,
कोणीही खिशात हात घातला नाही.
"नऊ चाळीस झाले," ग्वेनोर म्हणाली.
"पुढच्या मंगळवारी टाकतो," तो म्हणाला,
आणि फासा कोटाच्या खिशात गेला, क्लबचा फासा,
दुसरा कोणी असता तर हूवेलने मागून घेतला असता.

कुठला खेळ घ्यायचा यावर मत घ्यायचं राहून गेलं.
बाकीची तीन पुस्तकं ग्वेनोरने पिशवीत भरली,
जिन्यात म्हणाली, बेडकांचे पैसे मात्र वाया गेले.

दिवा मालवायला मी मागे थांबले.
बाकीचे चौघे डबीत ठेवले, कापूस गुंडाळला.
हिरवाइनला तसाच आडवा राहू दिला टेबलावर,
हालवू नये असं पुस्तकात लिहिलंय.
पान सतरा, तळाशी.