योआखिमला नाशिक दाखवताना

ग्राइंडिंग मशीन बसवायला आला होता योआखिम,
सातपूरला, आमच्या शॉपमध्ये, सहा आठवडे.
शनिवारी साहेब म्हणाले, खैरनार,
उद्या याला जरा गाव दाखवा.

रिक्षात मी विचारलं, तुझ्या गावात काय आहे बघण्यासारखं?
खांदे उडवले त्याने. काही नाही.
नदी. कारखाने. बॉल-बेअरिंगचं एक म्युझियम.
महायुद्धात विमानं आली ती बेअरिंगसाठीच.
मशिनं आधीच हलवली होती, म्हणाला.
शाळा नव्हती हलवली.

मग मला गोदावरीच्या पाण्याची
वाटायची तेवढी लाज वाटेना.
तो तरी कुठे पाणी बघत होता,
होळकर पुलाच्या कमानी मोजत होता.

पांडवलेण्यांच्या पायऱ्यांवर दोघांनाही धाप.
दहाव्या लेण्यातली अक्षरं मला वाचता येत नाहीत,
युनियनच्या सहलीत कळलं होतं तेवढं सांगितलं:
कार्षापणं ठेवलीत दोन हजार, विणकरांच्या श्रेणीत,
महिना शेकडा एक व्याज,
त्यातून भिक्खूंना चीवरं.
म्हणजे तेव्हापासून शिफ्ट चालू आहे तुमची?
हो, म्हटलं, ओव्हरटाइम तेवढा थकलाय.

जाताना खांबावर त्याने अंगठा फिरवला,
आम्ही जॉबवर फिरवतो तसा, डोळे मिटून.
किती मायक्रॉन? मी विचारलं.
तो हसला नाही.

नाशिकरोडला नोटांच्या प्रेसची भिंत बाहेरूनच.
आत एवढ्या नोटा,
आणि चहावाल्याला द्यायला आमच्याकडे सुट्टे नाहीत.

तांबट आळीत रविवारीही एक हातोडा चालू होता.
एक तांब्या त्याने घेतला, एक मी,
भाव करून घेतला म्हणून दोन.
खिशातून व्हर्नियर काढला पठ्ठ्याने, तिथेच, ओट्यावर.
तोंड पाऊण मिलिमीटर वाकडं.
रिजेक्ट? मी म्हटलं.
नाही, म्हणाला. यात ऑपरेटर दिसतो.

दिवाळीनंतर पार्सल आलं.
चिठ्ठी नाही, काही नाही,
सुपारीएवढी पोलादी गोळी,
तिच्यात माझं नाक, खिडकी, आख्खी त्र्यंबक रोड.

मी ती तांब्यात टाकतो आणि गरकन फिरवतो.
फिरते, प्रत्येक ठोक्यापाशी किंचित अडखळते,
पुन्हा फिरते,
कान लावला तर आमच्या शॉपचा आवाज येतो,
रात्रपाळीचा, लांबून.

आतून बायको ओरडते,
पाणी प्यायचा तांब्या आहे तो.